मुंगसाचा शकून

आज सकाळी मुंगसानं माझी तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, नेली. शेजारच्या आबांनी तो सगळा प्रकार गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर बसून, च्या पीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. तलंगेचं दुःख मी गिळीन. आबा अजून घशाखाली उतरत नाहीयेत.

कुडाळच्या अलीकडे आमचं घर, मागीलदारी खुराडं, खुराड्यापुढे कोंबड्यांना फिरायला जाळीचं अंगण. मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते. बाहेरून हाक आली, तीही अगदी निवांत. पाव आणायला जातोय, तुला हवेत का, असं विचारावं तशी.

"गो बाय, तुझी एक तलंग गेली."

"कुठे गेली?"

"मुंगसान नेल्यान."

मी धावत बाहेर. दारापाशी उकरलेली माती, चार पिसं, आणि उरलेल्या कोंबड्या एका कोपऱ्यात दाटीवाटीनं उभ्या. आबा जागचे हललेले नव्हते. बशीतला च्या मात्र संपला होता.

"आबा, तुम्ही बघितलंत?"

"बघलंय म्हणजे? अगदी पयल्यापासून! पयलो तो त्या आंब्याच्या मुळात इलो. थंय थांबलो. हयसर बघल्यान, थंयसर बघल्यान. मगे दाराकडे गेलो नि लागलो उकरूक. माती ओली, तेका काय येळ लागतलो? भुतूर गेलो, मानेक धरल्यान नि भायर. काय सफाई गो! माणसाक जमाची नाय."

पोलीस पंचनाम्यात इतका तपशील नसतो. मुंगसाच्या शेपटीचं टोक कुठल्या बाजूला होतं तेही त्यांनी हातानं करून दाखवलं. मी शांतपणे (माझ्या मते शांतपणे) विचारलं, "मग ओरडला का नाहीत? एक दगड तरी मारायचा होतात."

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चप्पल घालून आले आहे.

"सकाळच्या पारी मुंगूस दिसणा म्हणजे शकून. आरडान शकून मोडू?"

यावर काय बोलणार? लहानपणी आम्हीही 'मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ' म्हणत त्याच्या मागे धावायचो. तोंड दाखवलं की दिवस चांगला जाणार. पण तेव्हा त्या तोंडात माझी कोंबडी नसायची.

"आणि माझ्या तलंगेचं काय?"

"तां तुझा नशीब. शकून माझो होतो," आबा म्हणाले. वर विचारलं, "घोव खंय तुझो?"

हा प्रश्न येणारच होता. हे अंगण मी बांधलंय. खांब मी पुरले, तार मी ओढली, पक्कड धरून हाताला फोड माझ्या आले. नवऱ्याला पक्कड आणि सांडशी यांतला फरक दर वेळी नव्यानं सांगावा लागतो. माणूस चांगला आहे, तक्रार नाही. पण जाळी आणायला मी दुकानात गेले तेव्हाही दुकानदार माझ्या खांद्यावरून मागे बघत होता, साहेब गाडी लावून येतायत या आशेनं. मी म्हटलं, अर्ध्या इंची वेल्डमेश द्या. त्यानं ती षटकोनी भोकांची पातळ कोंबडी-जाळी पुढे सरकवली, "बायका हीच नेतात." त्या जाळीनं कोंबडी आत राहते, हे खरं. बाहेरचा बाहेर राहील याची हमी तिच्यात नाही. कुत्र्यानं दातांनी ओढली की ती फाटते आणि छोटं मुंगूस भोकातूनच आत येतं. हे मी सांगितलं, तर तो म्हणाला, "साहेबांना एकदा फोन लावून विचारता का?"

आमच्याकडे या लोकांच्या पाळ्या लागलेल्या असतात. मुंगसाची दिवसपाळी. कांडेचोराची, म्हणजे उदमांजराची रात्रपाळी, तो झाडावरून उतरतो, म्हणून वरूनही जाळी. अंड्यांसाठी घोरपड आणि धामण, पिल्लांसाठी आकाशातून घार. अधूनमधून बिबट्या येऊन गेल्याची बातमी येते, तेव्हा सगळा वाडा बॅटऱ्या घेऊन बाहेर पडतो आणि कोंबड्यांपेक्षा जास्त बोंबलतो. कोंबडीचा स्वतःचा बंदोबस्त एवढाच, की तिन्हीसांजेला आपणहून खुराड्यात शिरायचं. अंधार पडला की तिला धड दिसतही नाही.

मुंगसाला मारायचं तर नावच नको. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे, आणि ते असावंच. त्याच्या केसांचे रंगकामाचे ब्रश करून विकणारे लोक या देशात आहेत. चंदीगडनं तर त्याला आपला अधिकृत प्राणी करून टाकलंय. तिथे कोंबड्या कोण पाळतं कुणास ठाऊक.

तर दार. खणणारा प्राणी जाळीला तोंड टेकतं तिथेच खणतो, चार पावलं मागे जाऊन खणायची अक्कल त्याला नसते. म्हणून मी जाळीचं खालचं टोक फूटभर बाहेरच्या बाजूला जमिनीवर वळवून मातीखाली दाबलंय. फक्त दाराखाली तसं करता येत नाही, दार उघडायचं असतं. म्हणून तिथे उंबऱ्यासारखा एक जांभ्याचा चिरा गाडला होता. होता. आज सकाळी तिथे चिऱ्याच्या मापाचा मऊ मातीचा चौकोन होता.

"आबा, इथला चिरा?"

"तो होय? तो काल सांजेक गड्याकडून न्हेलंय. माझी पाण्याची टाकी कलांडली होती. तुझ्या घोवाक सांगलंय मां!"

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "हो, काहीतरी म्हणाले होते. मला वाटलं, चहाला बोलावतायत."

रागाच्या भरात मी आबांना जमैका सांगितलं. का, ते विचारू नका. १८७२मध्ये तिथल्या एका ऊसमळेवाल्यानं उंदरांच्या बंदोबस्ताला कलकत्त्याहून नऊ मुंगसं नेली. त्यांची प्रजा वाढली, ती उंदरांवर थांबली नाही. पक्षी, अंडी, लोकांच्या कोंबड्या, सगळ्यावर तिनं ताव मारला. तिथूनच १८८३मध्ये हवाईलाही नेली, तिथेही तोच गोंधळ. म्हणजे मुंगसाला शकून म्हणणाऱ्यांनी जरा जगाकडे बघावं, असा माझा मुद्दा होता. आबांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं.

"थंय पण बायलमाणसानच जाळी मारल्यान काय?"

दुपारी ते पुन्हा गडग्यावर, चेहरा उजळलेला. कधीचा नंबर लावलेला गॅस सिलिंडर आला होता. "बघलंस? मुंगूस दिसलो काय असाच होता." म्हणजे हिशेब असा, की माझी तलंग गेली आणि आबांचा गॅस आला. त्यात आभाराचा एक शब्द नाही, ना मला, ना तलंगेला.

संध्याकाळी नवरा घरी आला तर आबा गडगा ओलांडून अंगणात हजर. दोघं दारापाशी उभे राहिले. मी उकिडवी बसून, तोंडात तार धरून, भोक बुजवत होते. आबा त्याला समजावत होते, की खणणारो प्राणी जाळीच्या कडेकच खणता, म्हणान जाळी फूटभर भायर वळवूची. तंतोतंत माझं वाक्य, मी त्यांना पावसाआधी सांगितलेलं. नवरा मान डोलवत म्हणाला, "खरंच की, हे कुणाला सुचलं नाही."

तोंडात तार होती म्हणून ती वेळ निभावली.

ती काढल्यावर मी एवढंच म्हटलं, "आबा, माझा चिरा."

"देतंय गो. टाकी रिकामी झाली काय लगेच देतंय."

आबांच्या टाकीला बॉलकॉक आहे. नळाला रोज पाणी येतं.