खुलासा : ‘कॉम्प्युटरनं सिद्ध केलं’ म्हणून फिरणाऱ्या मेसेजबद्दल

‘लाखो शोधनिबंध कॉम्प्युटरनं तपासले, गडचिरोली-यवतमाळकडच्या बाया संशोधनच करत नाहीत,’ असा मेसेज दोन दिवसांपासून आपल्या प्राध्यापकांच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

अशी मोजणी बहुतेक वेळा स्कोपससारख्या, शोधनिबंधांची नोंद ठेवणाऱ्या डेटाबेसवर होते. तिथे इंग्रजी नियतकालिकांचाच भरणा. मराठीत छापलेला निबंध सहसा पोचतच नाही. बाई की पुरुष, हे सॉफ्टवेअर नावावरून अंदाजानं ठरवतं. आता आपल्याकडचा ‘किरण’ कोण? आणि नुसतं ‘एस. आर.’ छापलं असेल तर? ते नाव मोजणीतून गळतं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मॅडमचे कपाशीच्या बोंडअळीवरचे पहिले दोन निबंध माहेरच्या आडनावानं आहेत, पुढचे सासरच्या. डेटाबेसमध्ये त्या दोन वेगळ्या बाया दिसतात! २०१२ पासून मिळणारा १६ अंकी ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे आडनाव बदललं तरी न बदलणारा संशोधकाचा ओळख क्रमांक, यासाठीच आहे. फुकट मिळतो, काढून घ्या.

विषमता आहेच. युनेस्कोच्या २०२१ च्या अहवालानुसार जगभरातल्या संशोधकांत स्त्रिया साधारण ३३ टक्केच. ती विषमता शोधायला हीच मोजणी कामी येते, पण नावं नीट नोंदली गेली तरच.

मेसेज पुढे पाठवला असेल, तर हा खुलासाही त्याच ग्रुपवर टाका.