डिव्हॉल्व्ह म्हणजे फळी हातात देणं

आज डोकं सणकलंय. लिहून काढल्याशिवाय झोप लागायची नाही.

आमची वहिनी गावची सरपंच आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आज तालुक्याला प्रशिक्षण होतं. दिवेलागणीला परत आली, पिशवी ओटीवर टाकली आणि पाणीसुद्धा न घेता वही माझ्यापुढे धरली. "भावोजी, ह्या शब्दाचा अर्थ सांगा. मला पटला नाही." वहीत लिहिलं होतं, 'डिव्हॉल्व्ह'. पुढे तिथल्या वक्त्याने सांगितलेला अर्थ, 'वरच्यांनी परवानगी देणे'.

बत्तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं मी. एखादा शब्द मुलाने चुकीचा लिहिला तर लाल शाईने दुरुस्त करता येतो. पण चाळीस-पन्नास सरपंचांना, त्यात अर्ध्याहून जास्त बायका, भरल्या सभागृहात हा अर्थ सांगायचा? ज्या शब्दाच्या जोरावर त्या त्या खुर्चीत बसल्या आहेत, तोच शब्द त्यांच्या हातातून काढून घेतल्यासारखं झालं हे.

मी वहिनीला आमच्या आगरातल्या पाटाची गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगतो.

मी चौदा वर्षांचा होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या वर्षी अंथरुणाला खिळले होते. आमचं पोफळीचं म्हणजे सुपारीचं आगर खालच्या अंगाला, तात्यांचं म्हणजे चुलत्यांचं वरच्या अंगाला. पाऊस सरला की वहाळावर दगडमातीचा बांध घालायचे आणि पाटाने पाणी आधी तात्यांच्या आगरात, मग आमच्या. मध्ये पाटाच्या तोंडाशी एक फणसाची फळी. फळी खाली असली की पाणी तात्यांचं, वर ओढली की आमचं. तात्या म्हणाले, "आजपासून मंगळवार-शुक्रवारचं पाणी तुझं हो बाबू." मला कोण आनंद! पण दर वेळी वर जाऊन विचारायचं, "तात्या, फळी काढू?" ते हो म्हणाले की काढायची. त्यांची कामं उरकायची असली की म्हणायचे, थांब घटकाभर.

याला इंग्रजीत डेलिगेट म्हणतात. काम तुझ्याकडे, हक्क माझ्याकडे.

डिव्हॉल्व्ह वेगळा. लॅटिनमध्ये 'डी' म्हणजे खाली आणि 'व्होल्व्हेरे' म्हणजे लोळवणं, गडगडत नेणं. रिव्हॉल्व्ह, इव्हॉल्व्ह ही त्याचीच भावंडं. वरची वस्तू घरंगळत खाली येते आणि जिथे थांबते तिथली होते. म्हणूनच वारसाहक्काच्या कायद्यातही हाच शब्द आहे. बाप गेला की जमीन मुलांकडे येते, त्यासाठी मुलांना कुणाची परवानगी लागते का? या क्रियापदाची आणखी एक खोड आहे. ते देणाऱ्याशिवायही चालतं. 'द ड्यूटी डिव्हॉल्व्ड ऑन हर', म्हणजे जबाबदारी तिच्यावर येऊन पडली. कुणी दिली ते नाही सांगितलं तरी वाक्य पुरं होतं. अण्णा अंथरुणाला खिळले तेव्हा आईवर सगळं आलं ते असंच. शिंपणं, सुपारीचे बेडे काढणं, सोसायटीचं कर्ज. कुणी तिला काही दिलं नव्हतं, सगळं येऊन पडलं होतं.

आता आपलं संविधान घ्या. पंचायतींना घटनेत जागा देणारी ७३वी घटनादुरुस्ती, २४ एप्रिल १९९३ पासून लागू. त्यातल्या कलम २४३-जीमध्ये 'डिव्होल्यूशन' हाच शब्द आहे, आणि तिथे अधिकार आणि जबाबदाऱ्या दोन्ही एकत्र घातल्या आहेत. अकराव्या अनुसूचीत २९ विषय. पिण्याचं पाणी त्यात आहे, मासेमारी त्यात आहे, रस्ते, मोऱ्या, पूल आणि तरी, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होड्या, याही आहेत. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाचा अख्खा दिवस त्या यादीत बसतो. आणि वहिनीला दोन पावसाळे वाडीचा एक साकव दुरुस्त करून घेता आलेला नाही. लाकडं कुजलीत. पोरं शाळेत जाताना दप्तर डोक्यावर घेऊन वहाळातून जातात. ठराव झाला, कागद वर गेला, वरून आणखी वर गेला. कुठे थांबलाय ते कुणीच सांगत नाही.

हो, त्याच कलमात 'मे' आहे, 'शॅल' नाही. राज्य देऊ शकेल, देईलच असं नाही. तो वक्ता त्याच आडोशाने बोलला असणार. कायद्याच्या अक्षरापुरतं त्याचं खरं असेल. शब्दाचा अर्थ मात्र त्याने चुकीचाच सांगितला.

पुढची गोष्ट सांगतो. एका शुक्रवारी तात्या कोर्टाच्या कामाला गेले होते. फळी खालीच राहिली होती. मी पाटाशी उभा. पाणी समोरून वाहतंय आणि आमच्या नव्या रोपांच्या आळ्यांत माती तडकलेली. आई म्हणाली, "हात लावू नको, त्यांना विचारल्याशिवाय नको." अख्खा दिवस मी फळीकडे बघत बसलो. सात रोपं माना टाकून गेली.

आज वहिनी तशीच दिसली मला, ती वही धरून.

माझे जुने विद्यार्थी आता लिहितील की सर, डिव्हॉल्व्ह म्हणजे बिघडणं. 'चर्चा भांडणात डिव्हॉल्व्ह झाली' असं मोबाइलवर रोज वाचतो. शब्दकोशात तो अर्थ आहे, मान्य. पण पोरांना तेवढाच ठाऊक असावा याचं वाईट वाटतं. सत्ता खाली उतरली म्हणजे घसरलीच, असं ऐकत ऐकत मोठी होतील ती.

ब्रिटनमध्ये १९९८ च्या कायद्याने स्कॉटलंडला स्वतःची संसद मिळाली, १९९९ मध्ये ती भरली. तिथे याला डिव्होल्यूशनच म्हणतात. शाळा कशा चालवायच्या, दवाखाने कसे चालवायचे, ते एडिंबरोत ठरतं. लंडनने उत्तर आयर्लंडचा कारभार १९७२ मध्ये परत आपल्या हातात घेतला होता, तेव्हा वरचा माणूस फळी परत खाली ढकलू शकतो हेही खरं. आणि आपल्याच मंडणगडच्या आंबडव्याचं घराणं असलेल्या बाबासाहेबांनी घटना समितीत बजावलं होतं की गाव म्हणजे कोतेपणाचं आणि अज्ञानाचं डबकं, ते मी विसरलेलो नाही. खोतांच्या, म्हणजे गावच्या जमिनीवर पकड असलेल्या वतनदारांच्या, या मुलखात ते विसरून चालणारही नाही. खाली आलेलं पाणी खालचा एकटाच अडवून बसू शकतो.

वहिनी विचारत होती, मराठीत काय म्हणू? विकेंद्रीकरण म्हटलं तर ग्रामसभा पेंगते. मी म्हटलं, 'पाणी सोडणं' म्हणा. पाटाला पाणी सोडतात तेही आणि हक्कावर पाणी सोडतात तेही. वरच्याने दोन्ही केल्याशिवाय खाली काही पोचत नाही. वहिनीने ते वहीत लिहून घेतलं, आधीचा अर्थ खोडला, मग कुठे पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

तात्यांनी तेच केलं होतं. त्या शुक्रवारच्या दुसऱ्या दिवशी आळ्यांतली करपलेली रोपं बघितली, काही बोलले नाहीत. मला वर नेलं, फळी उपटली आणि चिखलासकट माझ्या हातात दिली. "ही तुमच्या पडवीत ठेव. तुझ्या वारी मला पाणी लागलं तर मी येईन विचारायला."

आणि आले. एप्रिलच्या एका शुक्रवारी, भर उन्हात, पंचा डोक्यावर घेऊन आमच्या अंगणात उभे. "बाबू, तासभर पाणी देशील?" सात रोपांचा राग होता माझ्या मनात. मी नाही म्हटलं. आई आतून बघत होती. तात्या "बरं" म्हणाले आणि वळले. त्या उन्हाळ्यात त्यांच्या पाच पोफळी गेल्या. फळी मात्र त्यांनी कधीच परत मागितली नाही.