भाड्याच्या घराचे सोने कसे करावे

भाड्याने द्यायचे घर नवे करताना एक धोरण पक्के ठेवा: जे फोटोत येत नाही त्यावर दमडी घालवायची नाही. भिंतीतली वायर आणि नहाणीचा उतार पाहून अजून कोणी टोकन दिलेले नाही.

ओलीपासून सुरुवात करू. बेडरूमच्या भिंतीला पोपडे आलेत, हात फिरवला की पांढरी पूड झडते? ते गिलाव्यातले क्षार. पाणी त्यांना पृष्ठभागावर आणून सोडते आणि स्वतः उडून जाते. भिंतीपलीकडे बाथरूम आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच, पण तिकडे फिरकू नका. आग सोमेश्वरी असली तरी बंब रामेश्वरीच न्यायचा. खरवडा, पुट्टीचे दोन हात द्या, वर रंग. करारावर सही होईपर्यंत भिंत दम धरते. नंतर फुगली, तर भाडेकरूला म्हणायचे, ‘तुम्ही खिडक्या उघडत नाही.’

बाथरूमची जुनी फरशी चुकूनही उखडू नका. उखडली की नहाणी ट्रॅपभोवतीची, म्हणजे पाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याभोवतीची, फट दिसणार. मग ती बुजवा, वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्या, दुसरा पहिल्याला आडवा, भिंतीवर निदान फूटभर चढवून, शॉवरखाली त्याहून बरेच वर. मग पाणी तुंबवून 48 तास खालच्या घराचे छत निरखत बसा. त्यापेक्षा टाइलवरच टाइल चिकटवा. खालची टाइल ठोकून बघायची गरज नाही. पोकळ वाजली तर उगाच मन खट्टू होते. तळ दीड-दोन सेंटिमीटर वर येतो, उंबरा होता तिथेच राहतो, दार घासू लागते. दार सुतार तासून देतो; उंबऱ्यावरून बाहेर येणारे पाणी मात्र कोणाला तासता येत नाही. उताराला मीटरमागे एक-दीड सेंटिमीटर पुरतो, पण 60 बाय 60 ची अखंड टाइल चारी बाजूंनी ट्रॅपकडे झुकत नाही, कापावी लागते. कापलेली टाइल फोटोत वाईट दिसते. पाणी कोपऱ्यात साचू द्या. वायपर भाडेकरू आणतो, त्याच्या खर्चाने.

सिंकखालचे कपाट पार्टिकल बोर्डचेच घ्या. त्याच्या कापलेल्या कडांना पाणी लागले की ते पावासारखे फुगते. दोष अर्थातच भांडी घासणाऱ्याचा.

आता वायरिंग. दिव्याच्या 1.5 चौरस मिलिमीटर वायरवरूनच गिझरचे सॉकेट ओढा. दोन किलोवॉटचा गिझर 230 व्होल्टला जवळपास 9 अँपिअर खेचतो, त्याच वायरवर इस्त्रीही लागली की एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारा स्विच, पडतो. तो काढून 32 अँपिअरचा बसवा, पडायचे थांबेल. वायर तापण्याआधी पडणे हेच त्याचे काम होते. ते आता वायर स्वतः करील. आणि 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचे, म्हणजे वीज गळू लागली की ती तोडणाऱ्या स्विचचे, नावही काढू नका. तो गळती लगेच उघडी पाडतो. आपण एवढा वेळ काय करतोय मग?

परतावा मोजताना वाढीव भाडे धरू नका, पूर्ण धरा. दहा महिन्यांच्या भाड्याइतका खर्च झाला, दोन महिने कामासाठी घर बंद राहिले, म्हणजे बारा महिन्यांचे भाडे गेले. भाडे वाढले 10 टक्क्यांनी. नुसत्या वाढीतून हे भरून यायला 120 महिने. मध्ये भाडेकरू ओलीला कंटाळून गेला आणि एक महिना कुलूप लागले, की अकरा महिन्यांची वाढ साफ. असला हिशेब कोणाला दाखवायचा? पूर्ण भाडे धरा, अकरा महिन्यांत सगळे वसूल. मेव्हण्याला हाच आकडा सांगा.

शेवटी फोटो. भर दुपारी काढा, सगळे दिवे लावून. पण गिझर आधी बंद करा.