लो अँगल म्हणजे ताकद? नेहमीच नाही
सिनेमातल्या कॅमेऱ्याच्या अँगल आणि हालचालींवरचा तुमचा लेख आवडला, पण ‘लो अँगल (कॅमेरा खालून वर बघणारा) म्हणजे पात्र बलवान, हाय अँगल (वरून खाली बघणारा) म्हणजे दुबळं’ हे त्यातलं सूत्र जरा घाईचं वाटलं. ‘सिटिझन केन’ सिनेमातला (१९४१) निवडणूक हरल्यानंतरचा नायक केन आणि त्याचा मित्र लेलंड यांचा प्रसंग आठवा. कॅमेरा इतका खाली हवा होता की सेटची जमीन फोडून खड्डा करावा लागला. केन पडद्यावर डोंगराएवढा दिसतो, वर छत अंगावर आल्यासारखं, आणि नेमका तेव्हाच तो सगळं गमावून बसलेला असतो.

झूम आणि ट्रॉली एकाच वाक्यात उरकलेत, तेही खटकलं. ट्रॉलीवर, म्हणजे चाकांच्या गाड्यावर, कॅमेरा खरोखर पुढे सरकतो. जवळच्या वस्तू बाजूने निघून जातात, मागची भिंत फारशी बदलत नाही. आपण खोलीत शिरतो. झूममध्ये कॅमेरा हलत नाही, फक्त लेन्समुळे सगळं एकाच मापाने मोठं होतं, आपण मात्र जागेवरच, दुर्बीण लावून बसल्यासारखे. चोरून पाळत ठेवणाऱ्याची नजर दाखवायला मला तरी झूमच बरा वाटतो. दोन्ही एकदम, उलट दिशांनी केले की काय होतं ते ‘व्हर्टिगो’ सिनेमातल्या (१९५८) जिन्यात दिसतं. जिना तिथेच असतो, पण खोल खोल ताणला जातो. पोटात गोळाच येतो.

आणि अजिबात न हलणाऱ्या कॅमेऱ्यावर एकही ओळ नाही?