कार्बन तेवढाच, मग फरक कुठून आला? (एका कमेंटला उत्तर)

तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की स्टीलचं चुंबकत्व कार्बनच्या प्रमाणावर ठरतं, लालभडक तापवून पाण्यात बुडवल्याने कार्बन काही बदलत नाही आणि लोहचुंबक दोन्ही तुकड्यांना सारखाच चिकटतो, म्हणून माझा लेख दिशाभूल करणारा आहे. चिकटण्याचं तुमचं बरोबर आहे. चूक माझी, मी 'चुंबकत्व वाढतं' असं मोघम लिहून मोकळा झालो.

स्टीलमध्ये जास्तीत जास्त किती चुंबकत्व भरता येईल हा एक प्रश्न, त्यात क्वेंचिंगने (लाल तापवून झटकन पाण्यात थंड करण्याने) फारसा फरक पडत नाही, थोडा ऑस्टेनाइट (तापलेल्या स्टीलची, चुंबकाला न चिकटणारी रचना) शिल्लक राहिला तर किंचित घटतं इतकंच. पण भरलेलं चुंबकत्व ते किती घट्ट धरून ठेवतं, म्हणजे कोअर्सिव्हिटी, हा वेगळाच प्रश्न आणि माझा सगळा लेख त्याबद्दल होता. लोखंडात आत छोटे छोटे डोमेन, म्हणजे एकाच दिशेने चुंबकीय असलेले भाग असतात, त्यांच्यामधल्या भिंती सरकल्या की चुंबकत्व बदलतं. शुद्ध, अनील केलेल्या (तापवून हळूहळू थंड केलेल्या) लोखंडात त्या भिंती सहज सरकतात, पर्लाइटमध्ये (हळू थंड झालेल्या स्टीलच्या रचनेत) सिमेंटाइटच्या, म्हणजे लोखंड आणि कार्बनच्या कडक संयुगाच्या पट्ट्या आडव्या येतात आणि मार्टेन्साइटमध्ये (झटकन थंड केल्यावर होणाऱ्या रचनेत) तर कार्बन अणूंच्या जाळीत अडकून बसलेला, जाळी ताणलेली, डिसलोकेशन्सची, म्हणजे जाळीतल्या दोषांची नुसती गर्दी, त्यामुळे भिंत पावलोपावली अडते. शुद्ध लोखंडाची कोअर्सिव्हिटी मीटरला 100 अँपिअरच्या आत, 1 टक्का कार्बनच्या कडक केलेल्या स्टीलची 4000 च्या आसपास. तुम्ही म्हणाल इथे कार्बनही बदलला, मान्य, पण तेच स्टील पर्लाइट असताना बराच वेळ तापवून सिमेंटाइटच्या पट्ट्यांचे गोल दाणे केले तरी कोअर्सिव्हिटी उतरते, कार्बन तेवढाच, सिमेंटाइट तेवढंच, फक्त आकार बदललेला.

हे घरीच बघता येईल. शिवणाच्या दोन सुया घ्या, दोन्ही लाल होईपर्यंत तापवा, एक ज्योतीतून अगदी हळूहळू बाहेर काढा आणि दुसरी झटकन पाण्यात टाका. पाणी ज्योतीला अगदी लागून ठेवा बरं का, बारीक सुई पाण्यापर्यंत पोचायच्या आत हवेतच थंड होते, माझी पहिली सुई अशीच फुकट गेली. नीट झालं की नाही ते वाकवून कळतं, पक्कडीने टोक धरून वाकवलं तर पहिली वाकते, दुसरी कट्कन तुटते. मग तशाच केलेल्या दोन नव्या सुयांवर एकाच लोहचुंबकाने एकाच दिशेने सारखे फटके मारा, दोन्ही दोनचार वेळा फरशीवर टाका आणि कुठली किती टाचण्या उचलते ते मोजा.

आणि 'कार्बन बदलला नाही म्हणजे काहीच बदललं नाही' हे ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्याला लावून बघा. पत्रा नवीन असताना त्यातला चिमूटभर कार्बन लोखंडात विरघळलेला असतो, कोअर (त्या पत्र्यांचा गाभा) कित्येक महिने शंभरेक अंशावर गरम राहिला की तोच कार्बन बारीक कार्बाइड (लोखंडाशी झालेलं संयुग) होऊन बाहेर पडतो, डोमेनच्या भिंती अडवतो आणि लॉस, म्हणजे उष्णता होऊन वाया जाणारी वीज वाढते. बाहेरून कुणी काही मिसळलेलं नसतं. म्हणूनच तर त्या पत्र्यात कार्बन साधारण 0.003 टक्क्यांच्या खाली आणतात.

मूळ लेखातलं ते वाक्य आजच दुरुस्त करतो. सुया करून बघितल्यात तर टाचण्यांचा आकडा इथेच लिहा.