जाळ्याचे आस मोजणाऱ्यांनो, मासा कधी मोजणार?

मासेमारीविषयी कुठेही काही छापून आले की सोबतचे छायाचित्र कशाचे असेल हे मी न पाहताच सांगू शकतो. निळा समुद्र, लाटेवर कललेला ट्रॉलर आणि त्याच्या मागे पांढऱ्या पक्ष्यांचा थवा. बातमी घटत्या साठ्यांची असो, मच्छीमारांच्या कर्जाची असो किंवा माशांच्या पोटात सापडलेल्या प्लास्टिकची असो, छायाचित्र समुद्राचेच असते आणि आतला मजकूरही समुद्राचाच. ज्याने आयुष्यात खारे पाणी पाहिलेले नाही, जो अंधारात लाकडी होडी वल्हवत सरोवराच्या मध्यावर जातो, संध्याकाळी लावलेली जाळी गारठलेल्या हातांनी ओढतो आणि ऊन चढायच्या आत काठाला लागला नाही तर ज्याचा सगळा माल मातीमोल होतो, तो माणूस त्या मजकुरात नसतो. त्याचा विषय आपण होऊन काढावा तर समोरचा म्हणतो, "अहो, तळ्यातले मासे पकडणे हा काय धंदा झाला? तो फावल्या वेळचा उद्योग!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्यातला पहिला शब्द उच्चारला जाताच माझ्या मस्तकात तिडीक उठते.

फावल्या वेळचा उद्योग म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या हिशेबाने २०२२ साली जगातील नद्या, सरोवरे आणि जलाशयांतून सुमारे १ कोटी १३ लाख टन मासळी पकडली गेली. यात तलावात वाढवलेली, खाद्य घालून पोसलेली मासळी धरलेली नाही. ही निव्वळ जाळ्यात आणि गळाला लागलेली पकड आहे. त्या वर्षी निसर्गातून जेवढी मासळी पकडली गेली, तिच्यातला आठातला एक टन गोड्या पाण्यातला होता. आणि हा आकडाही लंगडा आहे, कारण कित्येक देश गोड्या पाण्यातील पकडीची नोंद पाठवतच नाहीत आणि मग संघटनेला अंदाजाने रकाने भरावे लागतात. २०१८ साली काही संशोधकांनी उलट्या बाजूने हिशेब केला. काठावर किती मासा उतरला हे विचारण्याऐवजी त्यांनी ४२ देशांतील घरगुती सर्वेक्षणे घेऊन लोकांच्या पोटात किती मासा गेला हे पाहिले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे या देशांतील खरी पकड नोंदवलेल्या पकडीपेक्षा सुमारे ६५ टक्क्यांनी जास्त निघाली. वहीत शंभर किलो, वहीबाहेर पासष्ट किलो. दुसऱ्या कोणत्याही व्यवसायाच्या हिशेबात एवढी तफावत निघाली असती तर चौकशी समिती बसली असती.

मोजणी का होत नाही, याचे ठरलेले उत्तर मला पाठ आहे. समुद्रावर बंदरे असतात, गोद्या असतात, मोठ्या बोटी ठराविक ठिकाणी माल उतरवतात. सरोवराच्या काठाला मात्र हजार ठिकाणी होड्या लागतात, कुणी चार किलो आणतो, कुणी चाळीस, त्यातले काही घरात शिजते, काही शेजाऱ्याकडे जाते, काही बायका उन्हात वाळवून आठवडाभराने विकतात, मग नोंदणार कोण आणि कुठे? हे सगळे खरे आहे. कारकून प्रत्येक होडीमागे उभा करता येत नाही हेही मला समजते. पण जाळ्याचे आस, म्हणजे जाळ्याची भोके, मोजायची वेळ आली की हाच हजार ठिकाणी विखुरलेला मच्छीमार बरोबर सापडतो! त्याची होडी किती फुटांची आहे, परवान्याची मुदत कधी संपली, जाळ्याच्या दोन गाठींमधले भोक ठरवलेल्या मापापेक्षा किती बारीक आहे, पकडलेला मासा शेपटापर्यंत किती सेंटिमीटर भरतो, हे तपासायला पट्टी घेऊन येणारा माणूस पाऊस असो वा धुके, नेमका काठावर हजर असतो.

केनिया, युगांडा आणि टांझानिया यांच्यामध्ये पसरलेल्या व्हिक्टोरिया सरोवराचेच पाहा. तिथे नाइल पर्च हा मासा पकडायचा तर तो ५० ते ८५ सेंटिमीटर एवढाच असावा, असा नियम केला गेला. नियमामागचा विचार चुकीचा नाही. लहान मासा वाढला पाहिजे आणि अंडी घालणारी मोठी मादी वाचली पाहिजे, हे त्या काठावरच्या म्हाताऱ्या मच्छीमारालाही कळते. पण हा मासा त्या सरोवराचा मुळी नव्हेच. १९५० च्या आणि १९६० च्या दशकांत तो बाहेरून आणून सोडला गेला, ऐंशीच्या दशकात त्याची संख्या भरमसाट वाढली आणि तिथले शेकडो जातींचे छोटे देशी मासे त्याच्या पोटात गेले किंवा उरले ते दुर्मिळ झाले. हा मासा सोडण्याआधी काठावरच्या लोकांची संमती कुणी घेतली नव्हती. पुढे काठावर कारखाने उभे राहिले, कापलेले तुकडे गोठवून युरोपला जाऊ लागले आणि मांस काढून उरलेला सांगाडा, डोके आणि कणा, स्थानिक गरिबांच्या वाट्याला आला. स्वाहिली भाषेत त्याला मगोंगो वाझी, म्हणजे उघडी पाठ, असे नाव पडले. मग साठा घटू लागला आणि दोष कुणाचा? अर्थातच बारीक आसाचे जाळे वापरणाऱ्याचा. २०१७ पासून युगांडाने आपल्या बाजूच्या पाण्यावर सैन्य उतरवले, २८ फुटांपेक्षा लहान होड्या बेकायदा ठरवून मोडल्या आणि जाळल्या गेल्या. लहान होडी असते कुणाकडे, हे सांगायला हवे का? ज्याला मोठी परवडत नाही त्याच्याकडे.

भावाची गोष्ट तर वेगळीच चीड आणणारी आहे, आणि तिथे कोणी पट्टी घेऊन येत नाही. मासा पाण्याबाहेर निघाला त्या क्षणापासून तो नासायला लागतो. बर्फ असेल तर विक्रेत्याच्या हातात काही दिवस असतात, नसेल तर काही तास. ज्या काठावर वीज नाही तिथे बर्फ नाही, आणि ज्या काठावर बर्फ नाही तिथे भाव ठरवणारा एकच माणूस असतो: ज्याच्या गाडीत बर्फ आहे तो. तो घाई करत नाही. त्याला ठाऊक असते की मच्छीमाराच्या टोपलीत घड्याळ टिकटिकते आहे. तो माशाचे कल्ले उघडून पाहतो, नाक मुरडतो, "आज बाजार पडला आहे" म्हणतो, आणि मच्छीमाराजवळ आजचा बाजार खरोखर पडला की चढला हे ताडून पाहायचे साधन नसते. वजनात पाण्याची म्हणून कपात, टोपलीची म्हणून कपात, मऊ पडलेल्या माशांची म्हणून कपात. त्यातून अनेक काठांवर जाळ्याचे, इंजिनचे, इंधनाचे पैसे याच व्यापाऱ्याने आगाऊ दिलेले असतात, आणि त्या उचलीच्या बदल्यात माल दुसऱ्या कुणाला विकायचा नाही असा अलिखित करार असतो. उचल फिटत नाही, कारण भाव तोच ठरवतो. भाव वाढवून मागता येत नाही, कारण उचल फिटलेली नसते. या वेढ्यात अडकलेल्या माणसाला कार्यशाळेत बसवून "तुम्ही जबाबदारीने मासेमारी करा" असे ऐकवले जाते, तेव्हा सांगणाऱ्याच्या धाडसाचे मला खरोखर कौतुक वाटते. ज्याच्या जाळ्यात आज लहान मासा आला आहे आणि ज्याची उचल उद्या मागितली जाणार आहे, तो लहान मासा परत पाण्यात सोडेल अशी अपेक्षा करणाऱ्याने स्वतः महिनाभर असल्या भावावर जगून दाखवावे.

आणि पाणी? माशाला पाणी लागते ही गोष्ट इतकी उघड आहे की ती लिहिताना मला लाज वाटते, पण पाण्याचे वाटप करणाऱ्यांना ती अजून कुणी सांगितलेली नसावी. कालव्याचे पाणी घनमीटरमध्ये मोजतात, धरणाची वीज युनिटमध्ये मोजतात, पिकाचे उत्पन्न हेक्टरी मोजतात. त्याच पाण्यात जगणाऱ्या माशाचा रकाना मात्र कोरा असतो, आणि कोऱ्या रकान्याची बेरीज शून्य येते. कंबोडियातील तोन्ले साप सरोवर पावसाळ्यात मेकाँग नदीचे पाणी उलटे आत शिरल्यामुळे पाच-सहा पट पसरते, बुडालेल्या जंगलात मासे वाढतात आणि पाणी ओसरताना ते जाळ्यात येतात. ही उलटी धार उशिरा आली किंवा कमी आली की पुढचा हंगाम बुडाला. २०१९ मध्ये दुष्काळाने आणि वरच्या अंगाला अडवलेल्या पाण्याने नेमके तेच घडले. वरच्या धरणाच्या जनित्रावर मीटर आहे. बुडालेल्या हंगामावर कुठला मीटर आहे?

मध्य आशियातील अरल समुद्राची, म्हणजे नावाला समुद्र असलेल्या सरोवराची, कथा सर्वांना ठाऊक आहे असे म्हणतात, पण ती ऐकताना वाळूत रुतलेल्या जहाजांच्या छायाचित्रापलीकडे सहसा कुणी जात नाही. पन्नाशीच्या दशकात तिथून वर्षाला चाळीस हजार टनांच्या पुढे मासा निघत होता. साठच्या दशकापासून अमू दर्या आणि सिर दर्या या दोन्ही नद्यांचे पाणी कापसाकडे वळवले गेले, पाणी आटून खारट होत गेले, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथली व्यावसायिक मासेमारी संपली. त्याच्या काठावरच्या मुयनाक गावचा मासे डबाबंद करणारा कारखाना चालू राहावा म्हणून हजारो किलोमीटरवरच्या समुद्रातून गोठवलेला मासा रेल्वेने आणला गेला! इथे तर मासा मोजलेला होता हे मला मान्य करावे लागते, आणि त्याने माझा राग कमी होण्याऐवजी वाढतो, कारण मोजून, कापसाशी तोलून, हलका ठरवून तो सोडून दिला गेला. त्या तराजूच्या पारड्यात मच्छीमारांची गावे ठेवलीच नव्हती.

विषाचेही तेच. कॅनडातील वाबिगून नदीत १९६२ ते १९७० या काळात कागद गिरणीच्या रसायन कारखान्यातून सुमारे नऊ टन पारा सोडला गेला. खालच्या अंगाच्या सरोवरांतला मासा विषारी झाला, १९७० मध्ये तिथली व्यावसायिक मासेमारी बंद केली गेली आणि ग्रासी नॅरोज येथील मूळनिवासी लोकांचा रोजगार आणि रोजचे अन्न एकाच वेळी गेले. पाऱ्याचा कण कोणत्याही मापाच्या आसात अडकत नाही.

न्यायाने बोलायचे तर प्रत्येक वेळी खलनायक सापडतोच असे नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांच्यामधल्या कॉन्स्टन्स सरोवरात सांडपाणी शुद्ध होऊ लागले, फॉस्फरस घटला, पाणी स्वच्छ झाले, आणि माशांचे खाद्यही कमी झाले. वर क्वागा शिंपल्यांनी आक्रमण केले. शेवटी २०२४ पासून तिथल्या प्रसिद्ध व्हाइटफिशच्या मासेमारीवर तीन वर्षांची बंदी आली. पाणी घाण ठेवा असे म्हणण्याइतका मी वेडा नाही. पण सरोवराचे काहीही होवो, बरे किंवा वाईट, जाळे गुंडाळायला पहिल्यांदा एकाच माणसाला सांगितले जाते, हे माझ्या नजरेतून सुटत नाही.

जागतिक पातळीवर तरी बरे असेल म्हणावे, तर २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी जी १७ शाश्वत विकास उद्दिष्टे ठरवली त्यातल्या चौदाव्याचे नाव आहे "पाण्याखालील जीवन". नाव वाचून हुरळून जाऊ नका. मजकूर महासागर, समुद्र आणि सागरी संपत्तीपुरता आहे. छोट्या मच्छीमारांना संसाधने आणि बाजारपेठ मिळावी असे एक कलम त्यात आहे, पण संसाधने कोणती, तर सागरी. गोड्या पाण्याचा उल्लेख दुसऱ्या उद्दिष्टांत येतो, तिथे पिण्याचे पाणी आहे, पाणथळ जागांचे रक्षण आहे, मासा पकडून पोट भरणारा माणूस नाही. विशेष म्हणजे त्याच वर्षाच्या जानेवारीत रोममध्ये गोड्या पाण्यातील मासेमारीवर जागतिक परिषद भरली होती आणि तिने केलेल्या शिफारशींत पहिल्याच फटक्यात पकडीची नीट मोजणी करा असे म्हटले होते. शिफारस छान छापली गेली.

मोजणे अशक्य आहे असे मात्र आता मला कुणी सांगू नये. चीनने १ जानेवारी २०२१ पासून यांगत्से नदीच्या मुख्य प्रवाहात आणि पोयांग, तुंगथिंग या तिच्या मोठ्या सरोवरांत दहा वर्षांची मासेमारीबंदी लागू केली. धरणे, प्रदूषण, वाळूउपसा आणि अतिमासेमारी यांनी ती नदी इतकी पोखरली होती की उपाय कदाचित गरजेचाही असेल, आणि काठावरून उठवलेल्यांना भरपाई व निवृत्तिवेतनाची सोय जाहीर झाली हेही नोंदवतो. पण गणती किती चोख झाली ते पाहा: सुमारे १ लाख ११ हजार होड्या आणि २ लाख ३१ हजार मच्छीमार. हजार ठिकाणी विखुरलेले, बंदर नसलेले, चार किलो आणि चाळीस किलोवाले सगळे त्यात सापडले. होड्या काढून घ्यायच्या ठरल्या, तेव्हा एकही होडी वहीबाहेर राहिली नाही.