काट्याची साक्ष

कराडहून साताऱ्याकडे येताना नागठाण्याच्या अलीकडे माझी मोटार ताशी ८६ किलोमीटर वेगाने धावत होती, असे रस्त्याकडेच्या लेसर यंत्राचे म्हणणे आहे. तेथे ८० ची पाटी होती आणि मीटरचा काटा ७८ वर होता, असे माझे म्हणणे आहे. मोटार वाहन कायद्याच्या १८३ व्या कलमात हलक्या वाहनासाठी १००० ते २००० रुपये दंड सांगितला आहे. एवढ्या पैशांचे कंदी पेढे आणले असते तर घरात आठवडाभर शांतता नांदली असती, असे सौभाग्यवतींचे मत पडले. माझा प्रश्न मात्र पैशांचा नसून काट्याच्या अब्रूचा होता.

"मीटरला दहा टक्के सूट असते, काका," असा दिलासा पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत भेटेल त्याने दिला. ही सूट कोणत्या बाजूला असते, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून मी नियमच वाचायला बसलो. आपल्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११७ वा नियम वाहनाला वेगदर्शक बंधनकारक करतो. त्याची अचूकता ठरवणारा संयुक्त राष्ट्रांचा ३९ वा नियम अनेक देशांत चालतो आणि तो भलताच एककल्ली आहे. मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवायचे नाही. जास्त दाखवायचे तर खऱ्या वेगाच्या दहाव्या हिश्शात चार मिळवून होईल तेवढेच. म्हणजे खरा वेग ८० असताना काट्याने ९२ पर्यंत फुशारकी मारली तरी चालते, पण ७९ म्हणणे हा गुन्हा. टायर थोडा मोठा बसला किंवा हवा जास्त भरली तर काटा कमी दाखवू लागेल, म्हणून कारखानदार आधीच काटा थोडा चढा ठेवतात.

आनंदाने मी पुतण्याला शेजारी बसवून सरळ रस्त्यावर मोबाइलच्या उपग्रहाची साक्ष काढली. काटा ८० वर, मोबाइल ७५ वर. त्या दिवशी काटा ७८ वर होता म्हणजे मी फार तर ७८ च्या वेगाने जात होतो, हे गणिताने सिद्ध झाले.

मग पुतण्याने, जो अभियांत्रिकीला आहे आणि ज्याला मी आजवर उगाच हुशार समजत आलो, लेसर यंत्राचे गणित मांडले. यंत्र रस्त्याच्या कडेला असते, गाडीकडे तिरके पाहते, त्यामुळे त्याला वेग नेहमी थोडा कमीच दिसतो. खरा ८६ असेल तर दहा अंशांच्या कोनातून सुमारे ८५. म्हणजे यंत्र ८६ म्हणाले तर खरा वेग त्याहून कमी असूच शकत नाही. अशा रीतीने माझी गाडी एकाच क्षणी ७८ हून अधिक नव्हती आणि ८६ हून कमीही नव्हती.

हा पेच घेऊन मी संबंधित कार्यालयात गेलो. अशा यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र लागते आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे लागते, हे मी १६७अ या नियमाच्या आधारे ठणकावून सांगितले. साहेबांनी शांतपणे फाइल उघडली. प्रमाणपत्र चालू वर्षाचे होते. मग त्यांनी विचारले, "तुमच्या मीटरचे प्रमाणपत्र?"

मी गाडीच्या कागदांत शोधल्यासारखे केले. विमा होता, पीयूसी होते.

"बरं, राहू द्या. काटा ७८ वर होता हे तुम्ही पाहिलंत?"

"स्वतः पाहिलं, साहेब."

"समोरचा ट्रॅक्टर पाहिलात का? फोटोत दिसतोय बघा, उसाची ट्रॉली."

ट्रॅक्टर पाहिला म्हणावे तर काट्याची साक्ष गेली. काटा पाहत होतो म्हणावे तर समोर न बघता वाहन चालवल्याचा कबुलीजबाब झाला. साहेबांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "त्या क्षणी आपली नजर नेमकी कुठं होती, तेवढं सहीनिशी लिहून द्या, म्हणजे तक्रार पुढं पाठवतो."

कागद अजून कोरा आहे.